मूल्यं भिंतीवर की ताळेबंदात? थरमॅक्सचं उदाहरण

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "कंपनीचा इतिहास हा संशोधनाचा विषय होऊ शकतो का? ती तर जाहिरातच असते ना?" प्रश्न बरोबर आहे. कंपनीच्या इतिहासात संस्थापक कष्टाळू असतो, मूल्यं उच्च असतात आणि शेवट गोड असतो. मग त्यातलं तपासायचं काय? आज आपल्या जवळचंच एक उदाहरण घेऊ.

कासारवाडीहून लोणावळा लोकल पकडली की पिंपरी, आणि मग चिंचवड. एवढ्या छोट्या पट्ट्यात वाफेवर काम करणाऱ्या दोन कौटुंबिक कंपन्या आहेत. कासारवाडीत फोर्ब्स मार्शल आणि चिंचवडला थरमॅक्सचा कारखाना. दोन्ही पारशी घराण्यांच्या.

आधी थोडं विज्ञान, कारण धंदा कळल्याशिवाय कंपनी कळत नाही. १ किलो पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४१९ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२५७ किलोज्यूल! ही वाफ जिथे परत पाणी होते तिथे ती सगळी उष्णता सोडते, तेही एकाच तापमानाला. दूध डेअरी, कापड गिरणी, औषध कारखाना अशा सगळ्यांना हेच हवं असतं. म्हणजे बॉयलर बनवणाऱ्याचा धंदा इतरांच्या कारखान्यांवर अवलंबून. त्यांनी विस्तार थांबवला की याच्या ऑर्डरी आटल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अदी भाथेना यांनी १९६६ मध्ये बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीच्या सहकार्याने वॅन्सन इंडिया सुरू केली. पुढे कारभार जावई रोहिंटन आगा यांच्याकडे आला. १९८० मध्ये कंपनीचं नाव थरमॅक्स झालं. तेल महाग झालेल्या त्या काळात भाताचा तूस, उसाचं चिपाड यांवर चालणाऱ्या बॉयलरना अर्थ आला. १९९५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

आणि १९९६ मध्ये रोहिंटन गेले. त्यांच्या पत्नी अनु आगा अध्यक्ष झाल्या. त्यांचं शिक्षण टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं, कंपनीत त्या मनुष्यबळ विभाग सांभाळत होत्या. त्यानंतर साधारण वर्षभराने त्यांचा तरुण मुलगा कुरूश अपघातात गेला. त्याच काळात अर्थव्यवस्था मंदावली, कारखान्यांचे विस्तार थांबले आणि ४०० रुपयांच्या आसपास असलेला शेअर ३६ पर्यंत घसरला. एका भागधारकाने निनावी पत्र लिहून आपली निराशा कळवली. घरच्यांचं पोट भरलेलं होतं, पण ज्याने बचत गुंतवली त्याचं काय? अनु आगांनी या पत्राबद्दल नंतर अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे.

यानंतर बाहेरचे सल्लागार आले. मुख्य धंद्याशी नातं नसलेली काही कामं बंद झाली किंवा विकली गेली. संचालक मंडळ नव्याने बांधलं गेलं आणि मालकी व रोजचा कारभार वेगळा केला गेला. कुटुंबातली माणसं कार्यकारी पदांवरून बाजूला झाली. २००४ मध्ये अनु आगांनी अध्यक्षपद सोडलं आणि केमिकल इंजिनिअर असलेली त्यांची मुलगी मेहेर पदमजी अध्यक्ष झाली. कारभार मात्र व्यावसायिक व्यवस्थापकांकडेच राहिला.

आता संशोधक म्हणून बघा. "थरमॅक्सची मूल्यं चांगली आहेत" हे विधान तपासता येत नाही. "मूल्यांसाठी कुटुंबाने स्वतःचा अधिकार कमी केला" हे तपासता येतं. संचालकांची यादी आधीची आणि नंतरची काढायची, बस. नियम साधा आहे: मूल्य शोधायचं तर असा निर्णय शोधा ज्याची कुणालातरी किंमत मोजावी लागली.

पण लगेच खूश होऊ नका. पर्यायी गृहीतक मांडलंच पाहिजे. हे मूल्यांमुळे झालं की बाजाराच्या दबावामुळे? १९९५ आधी घडलं असतं तर ते पत्र लिहिणारा बाहेरचा भागधारकच नसता. इथे फोर्ब्स मार्शल कामाला येते. परिसर तोच, तंत्रज्ञान जवळचं, समाजही तोच. पण ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. दोघींच्या मंदीच्या काळातल्या निर्णयांची तुलना केली तर मालकीच्या प्रकाराचा परिणाम थोडा वेगळा काढता येईल. दोन उदाहरणांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. पण प्रश्न धारदार होतो, आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षी तेवढं पुरेसं असतं.

साधनं कुठली? नोंदलेल्या कंपनीचे वार्षिक अहवाल खुले असतात. खाजगी कंपनीचे ताळेबंदही कंपनी निबंधकांकडे दाखल होतात आणि शुल्क भरून बघता येतात. मुलाखती वाचा, पण बोलणारा कोण ते आधी लिहून ठेवा. मी वर सांगितलेली गोष्ट बहुतांशी मालक कुटुंबाच्या बाजूने सांगितली गेलेली आहे. जी कामं बंद झाली, तिथल्या कामगारांचं पुढे काय झालं? त्यांना भाग भरून देणारा भोसरीचा छोटा फॅब्रिकेटर त्या वर्षांत कसा तगला? अशा निर्णयांची किंमत यांनीही मोजलेली असू शकते, पण गौरवग्रंथात ते सापडत नाहीत. त्यासाठी युनियनची कागदपत्रं, कामगार न्यायालयाचे निकाल आणि निवृत्त कामगारांशी गप्पा लागतील. ते लोक आज साठी-सत्तरीत आहेत, त्यामुळे हे काम फार पुढे ढकलता येणार नाही.

तुमच्या घरात किंवा गल्लीत या पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. एकच विचारा: "मंदीत कंपनीने काय केलं?" उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. तुमच्या संशोधनाचं पहिलं साधन तयार झालं.