महाराष्ट्रातील अमूर्त चित्रकला

महाराष्ट्रातील अमूर्त चित्रकला ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकारांनी विकसित केलेली चित्रपरंपरा होय. वासुदेव गायतोंडे, शंकर पळशीकर, अंबादास आणि प्रभाकर कोलते हे तिचे महत्त्वाचे चित्रकार मानले जातात.

युरोपीय पार्श्वभूमी

युरोपात अमूर्त कला सिद्धान्तांसह अवतरली. वासिली कँडिन्स्की याने १९११च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रंगाचा संबंध संगीताशी आणि ‘आंतरिक गरजे’शी जोडला. काझिमिर मालेविचने १९१५ मध्ये पेट्रोग्राड येथे आपला ‘काळा चौकोन’ रशियन घरांत देवचित्र लावतात त्या कोपऱ्यात टांगला; वस्तूंपासून मुक्त अशी शुद्ध संवेदना हे त्याच्या सुप्रीमॅटिझमचे सूत्र होते. पीट मोंद्रियानने आडव्या-उभ्या रेषा व मूळ रंगांतून विश्वाचा समतोल शोधला. कँडिन्स्की व मोंद्रियान या दोघांवर थिऑसॉफीचा प्रभाव होता. त्या विचारात भारतीय संकल्पनांचा मोठा वाटा होता, तेव्हा ‘पाश्चात्त्य’ अमूर्तता पूर्णपणे पाश्चात्त्य म्हणता येत नाही.

गायतोंडे आणि वस्तुनिरपेक्षता

मुंबईत केवळ अमूर्ततेचा जाहीरनामा घेऊन चळवळ उभी राहिली नाही; प्रत्येक चित्रकार आपल्या वाटेने तेथे पोहोचला. नागपूर येथे जन्मलेल्या गायतोंडे (१९२४–२००१) यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. आरंभी त्यांच्यावर भारतीय लघुचित्रांचा, पुढे पॉल क्ले याचा प्रभाव होता. मानवाकृती हळूहळू गळून पडल्या. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे मात्र त्यांना मान्य नव्हते. ते ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द पसंत करीत. अमूर्तीकरणात कोणत्या तरी वस्तूपासून आरंभ गृहीत असतो, वस्तुनिरपेक्ष चित्रात तो नसतो.

झेन तत्त्वज्ञान, रमण महर्षी व निसर्गदत्त महाराज यांची शिकवण त्यांना जवळची होती. तरीही त्यांना केवळ ध्यानमग्न चित्रकार ठरवणे अपुरे आहे. रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवणे, ते खरवडणे, पुन्हा चढवणे या कष्टसाध्य क्रियेतून त्यांच्या चित्रांतील प्रकाश निर्माण होतो. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे करीत. मालेविचप्रमाणे त्यांनी चित्रकलेचा शेवट किंवा नवारंभ घोषित केला नाही.

पळशीकरांनी तांत्रिक प्रतीकांचा आधार घेतला, तर अंबादासांच्या चित्रांत कुंचल्याच्या प्रवाही, पीळदार फटकाऱ्यांना प्राधान्य आहे. कोलते हे पळशीकरांचे विद्यार्थी.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंडे यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. हे संग्रहालय १९३९ मध्ये ‘वस्तुनिरपेक्ष चित्रकलेचे संग्रहालय’ या अर्थाच्या नावाने सुरू झाले होते आणि कँडिन्स्कीची चित्रे त्याच्या संग्रहाचा गाभा होती.