थर्मल पेस्ट म्हणजे काय आणि ती कशी लावावी?

थर्मल पेस्ट हा संगणकाचा प्रोसेसर आणि त्यावर बसणारा कूलर यांच्यामध्ये लावायचा राखाडी किंवा पांढरा लेप आहे. दोन्ही पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात आणि त्या खाचांत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तिची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६, बाजारातल्या बहुतेक पेस्टची ४ ते १२, तर तांब्याची ४०० च्या आसपास (एकक वॅट प्रति मीटर-केल्व्हिन). म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण तांब्यापुढे काहीच नाही. म्हणूनच तिचा थर जाड नको; खाचा भरल्या की तिचे काम झाले.

कोकणात याला जास्त महत्त्व आहे. रायगडाचा रोपवे जिथून सुटतो त्या हिरकणीवाडीत एप्रिल-मेमध्ये बिनएसीच्या खोलीत संगणक चालवायचा, तर खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. ९५ ते १०० अंशांच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात. गेम अडखळतो, व्हिडिओ एडिटिंग रेंगाळते आणि दोष उगाच ग्राफिक्स कार्डाला दिला जातो.

आधी कूलरचा तळ पाहा. प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या कूलरवर बहुधा पेस्ट आधीच लावलेली असते. तिच्यावर आणखी लावू नये. तळाला प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म असेल तर ती काढावी. हे विसरणारे कमी नाहीत! जुनी पेस्ट असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पृष्ठभाग पूर्ण वाळू द्यावा. घामट हाताने तो पुन्हा शिवू नये.

मग मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढा ठिपका टाकावा. बोटाने पसरवू नये, कूलरच्या दाबाने तो आपोआप पसरतो. थ्रेडरिपरसारख्या मोठ्या प्रोसेसरला मात्र एक ठिपका पुरत नाही. कूलर सरळ खाली ठेवून स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर पेस्ट एकीकडे ढकलली जाते. एकदा टेकवलेला कूलर उचलला तर थरात हवा शिरते, त्यामुळे सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन सामान मागवणाऱ्याने म्हणूनच एक जादा ट्यूब ठेवावी. ऐन वेळी महाडपर्यंतचा सुमारे २५ किलोमीटरचा फेरा वाचतो.

पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ जागी लावून बायोसमध्ये तापमान पाहावे. काही सेकंदांतच ते ९० कडे धावले, तर कूलर नीट बसलेला नाही किंवा ती फिल्म अजून तिथेच आहे.

जुना कूलर काढताना संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग बंद करून प्लग काढावा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. एएम४ सॉकेटमधला प्रोसेसर सरळ ओढल्यास कूलरला चिकटूनच बाहेर येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकतात. ‘लिक्विड मेटल’ नावाने मिळणारा गॅलियमयुक्त पदार्थ नवख्याने टाळावा. तो वीजवाहक असतो, शिवाय ॲल्युमिनियमचा कूलर खाऊन टाकतो.