शिबिर उठल्यावर: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची गोष्ट

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा सर्जनचा इतिहास सांगतो. कोणी कोणतं ऑपरेशन पहिल्यांदा केलं, किती केली, हत्यार कोणतं वापरलं, वगैरे. आज आम्ही तो दुसऱ्या टोकाकडून धरणार आहोत. ऑपरेशन झालं, पट्टी बांधली, आता पुढे काय? पट्टी कोण सोडणार, टाके कोण बघणार, महिन्याने डोळा लाल झाला तर जायचं कुठे? सर्जन थोडे आणि पेशंट फार असतात, तेव्हा ऑपरेशनचा नंबर एकवेळ लागतो, फेरतपासणीची तारीख मात्र मिळत नाही. हे आजचं दुखणं नाही. मोतीबिंदूच्या बाबतीत त्याला मोठा इतिहास आहे.

सुरुवात सुश्रुतापासून करू, कारण ती सगळ्यांना माहीत असते, निदान अर्धी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया सांगितली आहे. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच ठिकाणी पुढची काळजीही सांगितली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. तुपाचा बोळा ठेवून पट्टी बांधायची, रोग्याला उताणं निजवायचं, शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं सांभाळायचं, दर तिसऱ्या दिवशी डोळा धुवायचा, आणि हे दहा दिवस चालवायचं. म्हणजे बघा, वैद्य दहा दिवस जवळपास आहे हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

पुढे हीच क्रिया गावोगाव फिरणाऱ्यांच्या हाती गेली आणि हे गृहीतक तुटलं. शलाकेने ढकललेलं भिंग डोळ्यातच मागे पडतं, त्यामुळे त्या क्षणी माणसाला खरंच दिसायला लागतं. बोटं मोजता येतात, नातवाचं तोंड दिसतं. पैसे त्याच वेळी दिले जातात. डोळा बिघडतो तो नंतर, सूज येऊन, दाब वाढून, पू होऊन. तोवर मोती उतरवणारा पुढच्या गावाला गेलेला असतो. मद्रासच्या सरकारी नेत्र इस्पितळात काम केलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे बिघडलेले डोळे वर्षानुवर्षं तपासले आणि 1917 साली लंडनमध्ये त्यावर व्याख्यानं दिली. ज्यांचं बरं झालं ते इस्पितळात कशाला येतील? त्यामुळे त्यांचे आकडे थोडे एकांगी असणारच. पण मोती उतरवणाऱ्याला आपल्या कामाचा शेवट कधीच दिसत नव्हता, हे त्यातून ठसठशीत पुढे येतं. आमच्या मते त्याच्या शलाकेइतकाच दोष त्याच्या फिरतीचा होता.

आता विसाव्या शतकातल्या नेत्रशिबिरांकडे येऊ. डॉ. एम. सी. मोदी हे नाव कर्नाटकात आणि सीमाभागात जुन्या माणसांना माहीत असेल. मूळचे विजापूरकडचे. 1940 च्या दशकापासून त्यांनी गावोगाव शिबिरं घेतली, आणि एका दिवसात 833 मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनेसच्या पुस्तकात गेली. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता हे आधी मान्य केलं पाहिजे. डोळ्यांचे डॉक्टर शहरात, आंधळे खेड्यात. थंडीच्या दिवसांत, सुगी आटोपल्यावर, शाळेच्या खोल्या किंवा धर्मशाळा रिकामी करून खाली गाद्या अंथरायच्या, शेजारच्या खोलीत टेबलं मांडायची. आपल्याकडेही हे चित्र अनेकांनी पाहिलेलं असेल.

त्या ऑपरेशनचं स्वरूप समजून घेतलं तर पुढचा गुंता कळतो. बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळ छेद द्यायचा आणि आख्खं भिंग काढायचं. जखम मोठी असल्यामुळे माणसाला दिवसेंदिवस हलू द्यायचं नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. मग पट्टी सोडायची. टाके घातले असतील तर ते बघायचे. आणि भिंगच काढून टाकलेलं असल्यामुळे चष्मा लागणार, तोही साधारण दहा नंबरचा. पण जखम पुरती बसल्याशिवाय नंबर ठरत नाही, त्याला सहाएक आठवडे लागतात. आणि शिबिर तर आठ-दहा दिवसांत उठलेलं!

मग व्हायचं काय, की चष्मे आधीच सरसकट एका नंबरचे वाटायचे, नाहीतर माणसाने सहा आठवड्यांनी तालुक्याला यायचं. सोबतीला मुलगा किंवा सून, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. बरेचजण येतच नसत. आले तरी तो चष्मा कसला? बाटलीच्या बुडासारख्या काचा. त्यातून सगळं पाव हिश्श्याने मोठं दिसतं, दाराची चौकट वाकडी दिसते, पायरीचा अंदाज चुकतो, बाजूने येणारं माणूस एकदम अंगावर उगवतं. एकच डोळा ऑपरेट झाला असेल तर दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत. तो चष्मा फुटला किंवा विहिरीत पडला की माणूस कागदावर ‘ऑपरेशन यशस्वी’ आणि घरात पुन्हा आंधळा.

‘कागदावर’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. 1976 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात मोजलं काय जात होतं? ऑपरेशनं. जिल्ह्याला उद्दिष्ट, महिन्याला अहवाल. ऑपरेशननंतर माणसाला किती दिसतं, हा रकाना भरायचा तर माणूस परत यावा लागतो, आणि तो येत नव्हता. पुढे 1990 च्या दशकात पाहणी करणारे लोक घरोघर गेले तेव्हा ऑपरेशन होऊनही नीट न दिसणारी खूप माणसं सापडली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कमी होता तो फक्त बरोबर नंबरचा चष्मा.

शिबिरातला दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. 1986 साली उत्तर प्रदेशात खुर्जा इथे भरलेल्या शिबिरात मोतीबिंदूची 88 ऑपरेशनं झाली, त्यातल्या 84 जणांचे डोळे कायमचे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1989 साली निकाल लागला. शिबिरं बंद करा असं न्यायालय म्हणालं नाही, त्यांची गरज त्याने मान्यच केली; पण स्वच्छतेची आणि देखरेखीची जबाबदारी सेवाभावाच्या नावाखाली सुटत नाही हे त्यातून स्पष्ट झालं.

बदल झाला तो दोन बाजूंनी. एक बाजू ऑपरेशनच्या टेबलावरची. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचं काम हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये 1949 मध्येच केलं होतं, पण आपल्या सामान्य पेशंटपर्यंत ते पोचायला चाळीसेक वर्षं गेली, मुख्यतः किमतीमुळे. 1992 साली मदुराईत ऑरोलॅबने भिंगं देशातच बनवायला सुरुवात केली आणि किंमत उतरली. त्याच सुमारास लहान छेदाचं, बिनटाक्यांचं ऑपरेशन पसरलं, नेपाळचे डॉ. सांदुक रुइत यांचं नाव त्यात मोठं आहे. याकडे सहसा नजरेची प्रत सुधारली म्हणून पाहतात. ते खरंच आहे. पण आम्हाला त्यात दुसरंही दिसतं. टाकेच नाहीत, तर टाके बघायची फेरी नाही. भिंग आतच आहे, तर दहा नंबरचा चष्मा फुटायचा प्रश्न नाही. पेशंट परत येणार नाही हे गृहीत धरूनच जणू ऑपरेशन बदललं.

दुसरी बाजू व्यवस्थेची. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये मदुराईत अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. त्यांनी शिबिराची उलटापालट केली. गावात फक्त तपासणी करायची, ऑपरेशनला माणसांना बसमधून रुग्णालयात न्यायचं, आणि परत आणून सोडायचं. मग साधारण महिन्याने तपासणीचं पथक त्याच गावी पुन्हा जाणार. म्हणजे एसटीचा खर्च पेशंटकडून उचलून संस्थेने आपल्या अंगावर घेतला. ऐकायला साधं वाटतं, पण फेरतपासणीला माणूस का येत नाही याचं खरं उत्तर यात होतं. तो बेफिकीर नव्हता, त्याला परवडत नव्हतं.

1994 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्रही होता. शाळेच्या खोलीतून ऑपरेशन कायमच्या थिएटरमध्ये न्यायचं आणि कृत्रिम भिंग बसवायचं, ही दिशा त्याने पक्की केली. पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेने आणि अरविंदने गावपातळीवर दृष्टिकेंद्रं काढली. तिथे डॉक्टर नसतो, शिकवून तयार केलेला तंत्रज्ञ असतो. लागलं तर डॉक्टर पडद्यावरून बघतो.

इथे समोरून एक प्रश्न आला आहे: “पेशंट येतच नसेल तर रुग्णालयाला आपलं काम चांगलं की वाईट हे कळणार कसं?” चांगला प्रश्न आहे. 2013 साली दहा देशांतल्या चाळीस रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर घरी सोडण्याआधी मोजलेली नजर आणि पुढे काही आठवड्यांनी मोजलेली नजर यांचा मेळ बसतो का, हे त्यांनी पाहिलं. रुग्णालयाचं काम जोखण्यापुरता तो बराच बसतो. म्हणून घरी जाण्याआधी मोजा, असा त्याचा अर्थ. मात्र हे रुग्णालयाला लागू, एकेका माणसाला नाही. जंतुसंसर्ग पहिल्या काही दिवसांत उठतो. दुखायला लागलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नसते, त्याच दिवशी निघायचं असतं. आणि सोडताना आणखी एक विचारून घ्यावं: ही तपासणी सर्जननेच करायची आहे, की जवळच्या केंद्रावर चालेल? नुसता नंबर काढायचा असेल तर जिल्ह्याच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

आता जे टाळताच येत नाही ते. कृत्रिम भिंगामागे जो पातळ पापुद्रा ठेवलेला असतो, तो काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांत गढूळ होतो. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. परत येत नाही, भिंगच काढलेलं आहे. लेझरने त्या पापुद्र्याला मधोमध वाट करून देतात, काही मिनिटांचं काम. पण म्हातारी घरात म्हणते, वयच झालं आता, किंवा ऑपरेशन फसलं. सगळ्या तारखा संपलेल्या, कार्ड हरवलेलं, थेंब बंद होऊन दोन वर्षं झालेली. ही फेरी कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही. तिला उठवून केंद्रावर आणायला गावातली आशाताई किंवा शेजारीण लागते.

काचबिंदूचं यापेक्षा वेगळं आहे, तिथे ऑपरेशननंतरही डोळ्याचा दाब जन्मभर मोजावा लागतो. ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.