वर्गणीवर उभे राहिलेले संगीत

आपल्या मंडळीत संगीताचा कोणताही कार्यक्रम काढायचा म्हटले की पहिली अर्धी बैठक गाण्यावर होते आणि उरलेली सगळी पैशांवर. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन गावांतून एकच बेत ऐकू आला. मतनासच्या लहान सभागृहात हिवाळाभर महिन्यातून एक संध्याकाळ ठेवायची. चार वादकांचे चेंबर म्युझिक आणि अधूनमधून एखादे कीर्तन. बेत सर्वांना आवडला. खर्चाचा कागद समोर आला तेव्हा मात्र दोन पक्ष पडले. एक म्हणे, एखादा मोठा दाता गाठा. दुसरा म्हणे, घरटी थोडे थोडे घेऊन मिनुय काढा. आम्ही आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणून असा वाद निघाला की पूर्वी लोकांनी काय केले हे पाहण्याची आम्हाला खोड आहे.

चेंबर म्युझिक म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. किंवा पियानो आणि त्याच्या जोडीला दोन-तीन वाद्ये. समोर उभा राहून काठी हलवणारा कोणी नाही. हे संगीत मुळात दिवाणखान्यासाठी लिहिले गेले, त्यामुळे मोठ्या नाट्यगृहात ते हरवते. पैशाची अडचणही इथूनच सुरू होते. ऐकणारे पन्नास असोत की पाचशे, चौघांना तालीम तेवढीच करावी लागते. शंभर खुर्च्यांच्या खोलीत तिकीट कितीही वाढवले तरी चौघांचे मानधन, जागेचे भाडे आणि पियानो सुरात लावणाऱ्याचा मेहनताना यांची तोंडमिळवणी होत नाही. हे दुखणे आजचे नाही. बीथोवनने 1795 मध्ये व्हिएन्नात पियानो, व्हायोलिन आणि चेलोच्या तीन रचना छापल्या, तेव्हा आधी वर्गणीदार जमवले. त्या यादीत 123 नावे होती. पुढे त्याच शहरात शुपान्झिग नावाच्या व्हायोलिनवादकाने चार वादकांच्या मैफली वर्गणी घेऊन सर्वांसाठी खुल्या केल्या. तोवर असे वादन ऐकायला सरदारांच्या वाड्यातच जावे लागे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. फेब्रुवारी 1934 मध्ये वॉल्टर कौफमान नावाचा सव्वीस वर्षांचा यहुदी तरुण मुंबईला आला. जन्म बोहेमियातील कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिनचे. हिटलरच्या जर्मनीत त्याला जागा उरली नव्हती आणि हिंदुस्थानचा व्हिसा मिळण्यासारखा होता. आल्यावर थोड्याच महिन्यांत त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन होई. कौफमान स्वतः पियानोवर, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ वेर्गा. 1937 च्या मे महिन्यापर्यंत या मंडळींच्या सव्वाशेहून अधिक मैफली झाल्या होत्या. युरोपातल्या मोठ्या शहरांनाही हेवा वाटावा असा हा आकडा आहे.

हे कसे जमले? एक तर वार ठरलेला, जागा ठरलेली. गुरुवार म्हणजे वादन, हे मुंबईच्या त्या थोड्या रसिकांच्या अंगवळणी पडले. दर वेळी नव्याने दवंडी पिटावी लागली नाही. दुसरे म्हणजे कौफमानचे पोट या मैफलींवर नव्हते. भवनानींच्या चित्रपटांना तो संगीत देई, आणि 1937 पासून ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताच्या विभागाची नोकरी होती. त्या रेडिओची सकाळची धून, तंबोऱ्यावर उठणारी व्हायोलिनची ती ओळ, आपल्यापैकी कोण विसरले आहे? शाळेचा डबा भरला जात असताना ती घराघरांत वाजत असे. ती धून कौफमानची असे मानले जाते. सुरुवातीला हिंदुस्थानी संगीत कानाला परके वाटणारा हा माणूस पुढे रागांवर जाडजूड ग्रंथ लिहून गेला. 1946 मध्ये त्याने मुंबई सोडली. त्याची धून राहिली.

आमच्या मते कौफमानच्या उदाहरणात एक कच्ची बाजूही आहे. मैफलींचा भार एका माणसाच्या उत्साहावर आणि त्याच्या दुसऱ्या कमाईवर पडला की सगळे त्या माणसाच्या मुक्कामाइतकेच टिकते.

आपले वडील-आजोबा त्या काळी रेल्वेत, पोस्टात, गिरण्यांच्या कचेऱ्यांत काम करीत. जिमखान्यात जाऊन बीथोवन ऐकणे त्यांच्या वाट्याचे नव्हते. पण आपले स्वतःचे दिवाणखान्यातले संगीत होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेने इस्राएल मंडळी मराठीत कीर्तने करीत आली. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर राणी यांची आख्याने, साथीला पेटी आणि तबला. आमच्या लहानपणी कीर्तन ठरले की आधी आठ दिवस चाळीतून एक वही फिरे. कोणी चार आणे लिही, कोणी रुपया, एखाद्या घरचे पाच. पेटीवाल्याची आणि तबलजीची बिदागी, बत्तीचे भाडे, शेवटी वाटायचा चिवडा, सगळे त्या वहीतून निघे. मशिदीत सिमहाथ तोराला सेफर तोरा उचलण्याच्या मानाची बोली लागे तेव्हा मोठा आकडा कोणाचा हे सर्वांना कळे. कीर्तनाच्या वहीत मात्र चार आणेवाला आणि पाच रुपयेवाला एकाखाली एक असत, आणि कीर्तनाला दोघेही वेळेवर येत, कारण दोघांचेही पैसे आत गुंतलेले होते.

आता या देशातली गोष्ट, जिच्यात पैसा जमतो की नाही यावर माणसांचे प्राण लटकले होते.

ब्रोनिस्लाव हुबरमान हा पोलंडचा यहुदी, त्या काळच्या सर्वांत मोठ्या व्हायोलिनवादकांपैकी एक. 1933 मध्ये जर्मनीत यहुदी वादकांना वाद्यवृंदांतून काढून टाकण्यास सुरुवात झाली. फुर्टवेंगलरने त्याच वर्षी हुबरमानला जर्मनीत वाजवण्याचे आमंत्रण दिले, ते त्याने नाकारले. काढून टाकलेल्या वादकांना या भूमीत आणून एक वाद्यवृंद उभारायचा असे त्याने ठरवले. तेव्हा इथे इंग्रजांचा अंमल होता. येथे राहण्यास सरकारी प्रमाणपत्र लागे, आणि आलेल्या वादकाला पगार कोण देणार हे दाखवावे लागे. म्हणजे निधीत जितकी भर, तितकी माणसे आत. वर्गणीचा असा हिशेब जगात क्वचितच कोणी मांडला असेल.

हुबरमानने युरोपात वादकांच्या परीक्षा घेतल्या आणि निधीसाठी अमेरिकेत गावोगाव वाजवत फिरला. न्यूयॉर्कला या कामासाठी मेजवानी झाली तेव्हा आइन्स्टाईन पुढे उभे राहिले. त्याच दौऱ्यात, 28 फेब्रुवारी 1936 रोजी, तो कार्नेगी हॉलच्या मंचावर दुसरे व्हायोलिन वाजवत असताना त्याचे मौल्यवान स्ट्रॅडिव्हेरियस आतल्या खोलीतून चोरीस गेले. चोर स्वतः वादक होता. जवळजवळ पन्नास वर्षे तो ते वाजवत राहिला आणि मरणाच्या दारात त्याने बायकोला खरे सांगितले. हुबरमानला ते वाद्य पुन्हा दिसले नाही. दौरा त्याने चालू ठेवला.

सुमारे सत्तर वादक जमले. त्यांच्यामागोमाग बायकामुले आणि आप्त आले; सगळे मिळून हजाराच्या आसपास जीव वाचले असे म्हणतात. पहिली मैफल 26 डिसेंबर 1936 रोजी तेल अवीवला, प्रदर्शनाच्या मैदानावरील सभागृहात झाली. तो शनिवार होता. देशात त्या वर्षी दंगली चालल्या होत्या, रस्ते धोक्याचे होते, तरी सभागृह भरले. तोस्कानिनीने वाद्यवृंद चालवला आणि मानधन घेतले नाही. म्हणजे सर्वांत महागडा माणूस फुकट आला आणि मागच्या रांगेतील व्हायोलिनवाल्याला पगार मिळाला. निधी उभारणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. पुष्कळदा तो उलटा होतो.

पण पहिल्या रात्रीचा झगमगाट दुसऱ्या वर्षी पुरत नाही. वाद्यवृंद टिकला तो मिनुयवर. कामगारांसाठी स्वस्त मैफली ठेवल्या गेल्या. सभागृह लहान, वर्गणीदार फार, म्हणून एकच कार्यक्रम पुन्हा पुन्हा वाजवावा लागे. मिनुयची खुर्ची वारसाहक्काने मुलांकडे जाते आणि घटस्फोटात तिच्यावरून भांडण होते, हे या देशात आपण सर्वांनीच ऐकले आहे. 1957 मध्ये हेखाल हातर्बुत उघडले, अडीच हजारांहून अधिक खुर्च्यांचे. त्याला फिलाडेल्फियाच्या मान या दात्याचे नाव दिले. 2013 मध्ये नूतनीकरणानंतर ते नाव जाऊन ब्रॉन्फमान आले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव मात्र हुबरमान. आणि मुंबईच्या गुरुवारच्या त्या मेहली मेहतांचा मुलगा झुबिन हाच पुढे कित्येक दशके या वाद्यवृंदाचा संगीत दिग्दर्शक होता, हे आमच्या शेजाऱ्यांना सांगताना आम्हाला अजून बरे वाटते.

दात्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. इमारत, पियानो, खुर्च्या, एकदाच लागणाऱ्या या गोष्टी दात्याकडूनच येतात. दर महिन्याचे मानधन त्याच्याकडून मागू नये एवढेच आमचे म्हणणे. लंडनला युद्धकाळात मायरा हेस या यहुदी पियानोवादिकेने ही वाटणी नेमकी साधली. बॉम्बच्या भीतीने नॅशनल गॅलरीतील चित्रे हलवली होती, दालने ओकी पडली होती. तेथे ऑक्टोबर 1939 पासून तिने सोमवार ते शुक्रवार दुपारची वादने सुरू केली. जागा गॅलरीची. प्रवेश एक शिलिंग. वादक नामांकित असो की नवखा, मानधन सर्वांना सारखेच, पाच गिनी; तिने स्वतः काही घेतले नाही. साडेसहा वर्षांत 1,698 मैफली झाल्या, आणि उरलेला पैसा अडचणीतील वादकांच्या निधीला गेला.

आता आपला कागद. समजा 80 घरांनी हंगामाचे 300 शेकेल आगाऊ दिले. 24,000 होतात. सहा संध्याकाळी धरल्या तर एका संध्याकाळी 4,000, म्हणजे चार वादक असल्यास प्रत्येकाला हजार. कोन्सेर्वातोरियोनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या आपल्याच नातवंडांना हे पुरेसे आहे, पेटी-तबलावाल्यांनाही पुरेल. जागा मतनासने फुकट द्यावी, त्यासाठी इरियाकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात आम्ही यायला तयार आहोत. पियानोसाठी दाता पाहा, आणि त्याच्या नावाची पाटी हवी तेवढी मोठी करा. बितुआह लेउमीच्या पेन्शनीवर ज्यांचे घर चालते त्यांच्याकडून निम्मे घ्यावे. निम्मे कोणी दिले हे वही ठेवणाऱ्यापलीकडे कोणाला कळू नये.

काही जण म्हणतील, 80 घरे कुठली, पोरे टेल अवीवला गेली, उरलो आपण म्हातारे. खरे आहे. पण दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत शेजारी मोरोक्कोचे आहेत, रशियाचे आहेत, आणि रशियनांच्या घरात चेलो वाजवणारा एखादा हमखास निघतो. वही त्यांच्याही दारी न्यावी. वार मोत्साए शब्बाथचा धरावा. मुले-सुना गाडी घेऊन आलेल्या असतात, आणि रात्री म्हाताऱ्यांना घरी पोहोचवण्याची सोय आपोआप होते.