संगणक-शिक्षण, शहापूर-मुरबाड परिसरातील

संगणकाच्या प्राथमिक शिक्षणाची दोन अंगे आहेत : यंत्र हाताळणे व त्यासाठी आज्ञावली लिहिणे. दुसरे अंग म्हणजे वस्तुतः समस्येची उकल करण्याची रीत होय. प्रश्नाचे लहान भाग पाडणे, त्यांचा क्रम लावणे, पुनरावृत्ती ओळखणे आणि उत्तर पडताळून चूक शोधणे, या तिच्या पायऱ्या होत. सिमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी तयार केलेल्या ‘लोगो’ या आज्ञाभाषेत ‘पुढे जा, ९० अंश वळ’ असे चार वेळा सांगितले की चौरस उमटतो. समभुज त्रिकोणासाठी १२० अंश वळावे लागते, हे मूल आपल्या चुकीवरून शिकते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्या शहराला पाणी पुरविणाऱ्या तानसा-भातसा परिसरातील शाळांपर्यंत संगणक पोहोचण्यास मात्र दीर्घ काळ लागला. मुरबाडलगतच्या कर्जत तालुक्यात (जि. रायगड) खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये प्रत्येक मुलाला लहान संगणक देण्याचा प्रयोग सुरू झाला, त्यात लोगोच्या धर्तीवर आज्ञा जुळवून चित्रे काढण्याची सोय होती. पुढील दशकात शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून प्रसिद्धीस आली. अशा शाळांत पाठ दृश्य व रंजक झाले. तथापि पाठ पाहणे आणि यंत्राला स्वतः आज्ञा देणे या भिन्न गोष्टी होत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाची शिफारस केली. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावण्याची रीत नेमक्या शब्दांत मांडणे, यांसारखे पाठ वीज नसतानाही घेता येतात. त्यांच्या अभावी संगणक लाभलेले मूलही केवळ प्रेक्षक राहण्याचा संभव असतो.