यादी सरकली, पण सांगितलं कुणी?

मंडळी, पडद्यावर दोन याद्या शेजारी ठेवा. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे गुण. डावी सरकली आणि उजवी जागीच राहिली, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावासमोर! म्हणून यादी सरकल्याची वर्दी प्रोग्रामला मिळायला हवी.

सरकवण्याची पट्टी १९८१ सालच्या झेरॉक्स स्टार संगणकावर होती. विंडोजमध्ये ती ओढली की 'डब्ल्यूएम व्हीस्क्रोल' हा निरोप सुटतो. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाकाचा माउस आणला. चाकाचा निरोप मात्र निराळा. पट्टीचाच निरोप ओळखणारे जुने प्रोग्राम चाक फिरवलं तरी ढिम्म!

२००२ साली डॉटनेट आलं. त्यातल्या 'लिस्टव्ह्यू'ला स्क्रोलचा इव्हेंटच दिलेला नव्हता. यादी आपली आपण सरकायची, मालकाला पत्ता नाही. मग प्रोग्रामर मंडळी तिच्या दाराशी बसून येणारे निरोप वाचू लागली: पट्टीचा, चाकाचा, बाणाच्या कळांचाही. एक निसटला की पुन्हा गोंधळ. त्यावर साधी तोड म्हणजे, कुठलाही निरोप आला की यादीलाच विचारायचं, "बाई, आता वरची ओळ कोणती?" आणि दुसरी यादी तिथे आणायची.

कुणाचे गुण कुणाला, हे त्या एका प्रश्नावर ठरतं.