ट्रुमनसाहेबांनी घराचं काम काढलं

घरात काम काढलं की आपण म्हणतो, "दोन महिन्यांत उरकेल." अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मात्र त्यापायी तीन वर्षांहून जास्त काळ घराबाहेर काढावा लागला. घर कुठलं? चक्क व्हाइट हाऊस!

१९४८ मध्ये त्यांनी हौसेनं दक्षिणेच्या बाजूला बाल्कनी बांधून घेतली. त्याच उन्हाळ्यात मुलगी मार्गारेटच्या पियानोचा पाय जमीन फोडून खाली गेला. तपासणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये बिऱ्हाड रस्त्यापलीकडच्या ब्लेअर हाऊसमध्ये हललं.

दोष बाल्कनीचा नव्हता. १९०२ मध्ये जेवणाचं दालन मोठं करताना भार पेलणारी एक भिंत काढली होती. १९२७ मध्ये माळ्याच्या जागी पोलाद-काँक्रीटचा अख्खा मजला चढवला. ज्यानं त्यानं आपली सोय पाहिली. खालच्या जुन्या लाकडाला किती झेपतं, हे कोण बघणार? (जुन्या कोडमध्ये फीचर्स कोंबणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?)

शेवटी बाहेरच्या दगडी भिंती तेवढ्या ठेवून आतलं सगळं उपसलं, पोलादी सांगाडा उभारला. खर्च सुमारे ५७ लाख डॉलर. पण किंमत तेवढीच नव्हती. ब्लेअर हाऊस अगदी रस्त्याला लागून. १ नोव्हेंबर १९५० ला दोन हल्लेखोर थेट दारापर्यंत पोचले. ट्रुमन वाचले, पहाऱ्यावरचे लेस्ली कॉफेल्ट गेले.

२७ मार्च १९५२ ला ट्रुमन घरी परतले. जानेवारी १९५३ मध्ये कार्यकाळ संपला. म्हणजे नव्या घरात जेमतेम दहा महिने!

तेव्हा मंडळी, हॉल मोठा करायला भिंत पाडताय? आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. पियानोची वाट बघू नका.